नाक्यावरची सुकेळी

फुलपाडा, विरार
रविवार

प्रिय भावेशदादा,

मायना चुकला की मी शाळेत मुलांचे गुण कापते, म्हणून 'प्रिय' लिहिलं आहे. त्यात आणखी काही शोधू नकोस.

पत्र बघून तुला हसू येईल. विरारहून माणिकपूर, मध्ये एक स्टेशन, आणि बहीण पत्र लिहिते. पण गुरुवारी तू घरच्या ग्रुपवर जे टाकलंस त्याचं उत्तर ग्रुपवर मावण्यासारखं नव्हतं. येत्या शुक्रवारी तुम्ही सगळे दमणला निघताय, तुझी पन्नाशी तिकडेच करायची आहे, जांपोरला समुद्रासमोरचं हॉटेल मिळालंय, आणि येताना लागणाऱ्या पोलीस नाक्यावरच्या काही टिप्स असतील तर कळवा, असं तू लिहिलंस. कुणी काही कळवायच्या आत तूच खाली लिहिलंस, 'हेमालीला विचारा, ती आता नाक्याची एक्स्पर्ट आहे.' पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले ते पिवळे चेहरे, एका रांगेत. जागृतीवहिनीने पण एक चेहरा टाकला. मी फोन उपडा ठेवला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या, आणि पहिली भाकरी करपली. मेसेज तू दोन ओळी वाचून सोडून देतोस. हे पत्र तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर येईल, नळ आणि शॉवरच्या खोक्यांमध्ये उभा राहून तुला ते पुरतं वाचावं लागेल. वहिनीच्या हाती पडलं तर तिनेही वाचावं, माझी हरकत नाही.

टिप्स मागितल्यास, त्या देते. एक्स्पर्ट म्हटलंस तर एक्स्पर्टसारख्याच देते.

पहिली गोष्ट भूगोलाची. आपल्याकडच्या निम्म्या लोकांना वाटतं दमणची हद्द संपली की महाराष्ट्र लागतो. वसई काय, दमण काय, एकेकाळी एकाच पोर्तुगीजाचं राज्य, म्हणजे जणू शेजारचीच आळी. तसं नाही. दमणला चहूकडून गुजरात आहे. जाताना अच्छाडला आपली हद्द संपते, मग भिलाड, मग वापी, मग दमण. येताना तेच उलटं. हा मधला पट्टा दारूबंदीचा आहे, आणि तो ओलांडल्याशिवाय घरी येता येत नाही. दमणला स्वस्तात घेतलेल्या दारूचं पक्कं बिल त्या पट्ट्यात चालत नाही. उलट तुम्ही माल कुठून आणि किती घेतला याचा पुरावा तुम्ही स्वतःच खिशात बाळगलेला असतो. बिल दाखवून हुज्जत घालणारे मी पाहिले आहेत. त्यांना बाजूला घेतात आणि मग ते बराच वेळ दिसत नाहीत.

गाडीची सगळी कागदपत्रं वरच ठेव, इन्शुरन्स, पीयूसी, सगळं. कागद शोधत बसलास की त्यांची नजर गाडीत फिरायला लागते. निघायच्या आधी गाडी स्वतः तपास. सीटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात, मागच्या खिशात. सोबतच्या कुणी काय कोंबलंय ते तुला माहीत नसतं, आणि माहीत नव्हतं हे उत्तर तिथे कुणी ऐकून घेत नाही. जो गाडी चालवणार त्याने आदल्या दिवसापासून थेंब घेऊ नये, कारण तिथे तोंडाचा वास घेतात, आणि रात्रीची सकाळी येते. मागे बसलेल्यांचाही घेतात. पोलिसांशी सरळ बोलायचं, विचारलं तेवढंच सांगायचं, मोबाईल काढून शूटिंग करायचं नाही. रविवारी दुपारनंतर निघालास तर लांबच लांब रांग लागते आणि रांगेत माणसं घाबरतात, घाबरलेली माणसं ओळखू येतात. सोमवारी सकाळी निघ. दुकान एक दिवस बंद राहिलं तर वसईकर आंघोळीवाचून राहणार नाहीत.

आणि म्हातारं माणूस सोबत नेऊ नकोस. ही टीप मी वेगळी लिहिते, कारण आपल्या आगाशीत ती उलटी सांगतात. दमणला जायचं तर एक म्हातारी बरोबर घ्यावी, तिला बॅगेजवळ बसवावं, म्हातारीला कुणी उठवत नाही. लग्नकार्याच्या मांडवात बायकांसमोर हसत हसत सांगतात हे. तू पण सांगायचास. मी पण हसले असेन.

तीन वर्षांपूर्वी तू आईला दमणला न्यायचं काढलंस तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. बाबा गेल्यापासून ती वाडीतून बाहेर पडली नव्हती. बाबा असतानाही कुठे पडली होती म्हणा. तुम्ही दर वर्षी दोस्तांबरोबर जायचात, वहिनीला घेऊन जायचात, आईला कधी कुणी विचारलं नाही, आणि त्या वर्षी तू स्वतः आगाशीला गेलास, ओटीवर बसलास आणि म्हणालास, आई, समुद्र बघायला चल. तिने विचारलं, इथे अर्नाळ्याला समुद्र नाही का. तू म्हणालास, तो मासळीचा समुद्र, तो वेगळा. आई हे वाक्य नंतर सगळ्यांना सांगायची. तिने नवी साडी काढली, घडी मोडायची होती ती. आणि चार दिवस आधीपासून सुकेळीच्या मागे लागली. मागच्या दारच्या राजेळीचे घड उतरवले, केळी सोलून मांडवावर उन्हात घातली, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. माझ्या मुलांना तिने सांगितलं होतं की रस्त्यात कुणी भेटलं तर रिकाम्या हाताने कसं बोलायचं. वाळलेल्या पानात गुंडाळून केळीच्याच सोपटाने बांधलेल्या त्या जुड्या तिने कापडी पिशवीत भरल्या तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं आहे, तू नाही. तू गाडीचा एसी बघत होतास.

जांपोरला ती पाण्यात गेली. घोट्यापर्यंत. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं, काळसर ओल्या वाळूतून ती साडी वर धरून चालत राहिली आणि मी तिच्या मागे. सुरूच्या झाडांखाली तुम्ही सगळे खुर्च्या टाकून बसला होतात. आईने मागे वळून बघितलं आणि मला म्हणाली, भावेशला माझी आठवण आहे बघ. मला तेव्हा तसंच वाटलं होतं.

येताना तू आईला जितेशच्या गाडीत बसवलंस. जाताना ती तुझ्या गाडीत होती, पण येताना तू म्हणालास, आई, जावयाच्या गाडीत मागे ऐसपैस जागा आहे, पाय लांब करून बस. तिची पिशवीही तूच उचलून आणलीस आणि तिच्या पायाशी ठेवलीस. एवढ्या वर्षांत तू आईची पिशवी उचललेली मी पहिल्यांदा बघितली. त्यावरून मला कळायला हवं होतं, असं जितेश अजून म्हणतो. त्याचं बरोबर आहे. पण सख्खा भाऊ आईची पिशवी उचलतो तेव्हा बहिणीने संशय घ्यायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पुढचं तुला माहीत आहे असं तू समजतोस. तुला माहीत नाही, कारण तू तिथे नव्हतास. नाक्यावर तुझी गाडी पुढे होती, ती निघून गेली. आमच्या गाडीपाशी एक पोलीसबाई आली, तरुण, उन्हाने रापलेली. तिने काच खाली करायला सांगितली, आत वाकून बघितलं, मागे आईला बघितलं आणि हसली. तिला 'बा' म्हणाली. पाय दुखतात का, असं गुजरातीत विचारलं, आणि जितेशला हाताने जा म्हणून खूण केली. आम्ही सुटलो होतो, दादा. गिअर पडला होता. आणि आई म्हणाली, थांब रे. एवढी उन्हात उभी आहे पोर, मला बा म्हणाली, हिला काही दिलं नाही तर बरं दिसत नाही. तिने पिशवीत हात घातला. तुला आईची सवय माहीत आहे. द्यायची वेळ आली की ती वरची जुडी देत नाही. हाताने चाचपून सगळ्यात जड असेल ती काढते. तिने चाचपलं, सगळ्यात जड जुडी काढली आणि खिडकीतून त्या पोरीच्या हातात दिली.

त्या पोरीच्या हाताला वजन लागलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. तिने सोपट सोडलं. पानाच्या आत चपटी बाटली होती.

तुझी गाठ होती ती. आई सोपटाचं टोक आत खोचते, तू नुसती बांधलीस, चपलेच्या लेससारखी. मी ती गाठ तिथेच ओळखली. आईनेही ओळखली. मग त्या बाईने पिशवी ओतली आणि एकामागून एक जुड्या सोडत गेली. वरच्या थरात सुकेळी, खाली सगळ्या बाटल्या. सुकेळीसारख्या गुंडाळल्या तर गुजराती पोलिसाला काय कळणार, असं तुला वाटलं असेल. खरोखर कळलं नसतंच. तू सगळ्याचा विचार केला होतास, फक्त आई कुणाला काही देईल हे तुझ्या डोक्यात आलं नाही. तुला ती देते हे दिसतच नाही, कारण तू नेहमी घेणाऱ्या बाजूला असतोस.

जितेश सरकारी नोकर. त्याच्या गाडीत माल. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मी तोंड उघडलं, तुझं नाव माझ्या ओठावर होतं, आणि आईने माझं मनगट धरलं. इतक्या जोरात की बांगडी वाकली. त्या वाकलेल्या बांगडीसकट मी तीन वर्षं वावरते आहे, सोनाराकडे नेली नाही. ती गाडीतून उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली,

"माजं हाय ते. आमच्या यांच्या तिथीला लागतं. जावयाला ठाव नाय, पोरीला ठाव नाय."

बाबांच्या तिथीला पानाशेजारी पेला भरून ठेवायची रीत तू घातलीस. बाबांना आवडायची म्हणून. आई त्या वेळी दर वर्षी स्वयंपाकघरात निघून जाते, हे तुझ्या लक्षात आलं आहे का? जिने आयुष्यभर बाबांच्या बाटल्या विहिरीमागे नेऊन फोडल्या, तिने नाक्यावर शंभर माणसांसमोर सांगितलं की ही दारू माझी आहे. पोलीस हसले. एकाने तिचा फोटो काढला. ती पोलीसबाई हसली नाही. हातात वरच्या थरातली एक खरी सुकेळीची जुडी घेऊन ती नुसती उभी होती. तिला ते खोटं कळलं होतं, पण लिहून घ्यायचं काम तिचं होतं आणि तिने ते केलं.

आईला चौकीत बसवलं, दुपार गेली, तिन्हीसांजा झाल्या. मी तुला फोन केला. तू अच्छाड ओलांडून गेला होतास. तू म्हणालास, मी परत आलो तर दोन्ही गाड्या अडकतील. मग म्हणालास, आईने सांगितलंय ना स्वतःचं आहे म्हणून, म्हातारीला काही करत नाहीत. आणि मग तू जे म्हणालास ते मी आजवर जितेशलासुद्धा सांगितलेलं नाही. तू म्हणालास, नाका पार झालाच होता, हिलाच दानधर्म सुचला.

चौकीत आईने मला तिच्या गळ्याची शपथ घातली. भावेशचं नाव काढशील तर माझं मेलेलं तोंड बघशील. तुझं दुकान नवीन होतं, तुझी लेक अनुष्का लग्नाच्या वयाची होत होती, लोक काय म्हणतील. म्हणून लोक जे म्हणायचं ते आईला म्हणाले. आगाशीच्या बाजारात तिला दमणच्या काकू म्हणतात, तुला ठाऊक आहे का? भजनाला गेली तर एक जण हसत विचारते, काकू, सुकेळी साधी की दमणची. ती पण हसायची. मग भजनाला जायची बंद झाली, हळदीकुंकवाला जायची बंद झाली. राजेळीचे घड पिकून पक्षी खायला लागले तरी तिने उतरवले नाहीत. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. तू म्हणायचास, वय झालं आता तिचं, कशाला त्रास. तुला सोयीचं तेवढं तिचं वय होतं.

आणि मग तारखा. तू म्हणालास तसं नाही, म्हातारीला करतात. तिकडच्या कोर्टात तिला आरोपी म्हणतात. पुकारा होतो, यशोदाबेन तुळशीदास, आणि ती प्रत्येक वेळी जरा उशिरा उठते कारण तिला ते नाव आपलं वाटत नाही. मी रजा टाकते, पहाटेची गाडी धरून तिला वापीकडे नेते. तिथे बाकावर तिच्या शेजारी खरोखरचे धंदेवाले बसतात, तिला जागा देतात, मावशी म्हणतात. डब्यातली चपाती ती त्यांनाही देते. कधी साक्षीदार येत नाही, कधी साहेब नसतात, आणि पुढची तारीख घेऊन आम्ही परत येतो. ह्या सगळ्या फेऱ्यांतून मी नाक्याची एक्स्पर्ट झाले, दादा. तुझी बहीण हौसेने शिकली नाही.

एवढ्या तारखांना तू एकदाही आला नाहीस. कधी दुकानात माल उतरायचा होता, कधी वहिनीच्या माहेरी काही, कधी कंबर. मी ह्याचा हिशेब ठेवायचा सोडून दिला होता. म्हणूनच गेल्या रविवारी आई मला फोनवर म्हणाली की ह्या तारखेला तू येऊ नकोस, शाळा बुडवू नकोस, भावेश नेणार आहे, तेव्हा मी दोनदा विचारलं. तू आगाशीला गेला होतास. मिठाईचा पुडा घेऊन. तिला म्हणालास, आई, ह्या वेळी मी येतो तुझ्याबरोबर, एकदाचं मिटवून टाकू, आणि तिथून सगळे जांपोरला जाऊ, तुला पुन्हा समुद्र दाखवतो. तारीख येत्या शुक्रवारची आहे. तुझ्या पन्नाशीच्या सहलीचीही तीच.

मी मूर्ख आहे. मला एक दिवसभर आनंद झाला होता. जितेशला म्हटलं सुद्धा, उशिरा का होईना, शहाणपण आलं. सोमवारी मी आईच्या वकीलबाईंना फोन केला, तू येणार म्हणून सांगायला. त्या म्हणाल्या, तुझा फोन आधीच येऊन गेला. तू त्यांना काय विचारलंस ते त्यांनी मला सांगितलं, आणि त्यांचाही आवाज बरा नव्हता. तू विचारलंस, आईने गुन्हा कबूल केला तर त्याच दिवशी संपेल ना. त्या म्हणाल्या, वय बघून बहुतेक दंडावर सोडतील, कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवतील, पण ते साहेबांच्या हातात आहे, आत टाकलं तर मी काही करू शकणार नाही. ह्यावर तू म्हणालास, दुपारपर्यंत मोकळे होऊ ना, हॉटेलला चेक-इन आहे.

अनुष्काला बघायला येणारी माणसं चौकशी करणारी आहेत, आजीवर केस चालू आहे हे बरं दिसत नाही, हेही तू त्यांना सांगितलंस. म्हणजे केस नको, डाग चालेल. तो आईच्या नावावर कायमचा लागला तरी चालेल, कारण आईला कुणी बघायला येणार नाही.

आईला तू ह्यातलं काही बोलला नाहीस. गाडीत सांगणार असशील, तिला पाय लांब करून बसवल्यावर. काल मी आगाशीला गेले, तिला सगळं सांगायचं असं ठरवून गेले. फाटकातच शेजारच्या आग्नेसमावशीने मला अडवलं. चर्चमधून येत होत्या. म्हणाल्या, यशोदा बघ कशी झाली आहे, आत जाऊन बघ. आणि मग त्यांनी आई काय म्हणते ते सांगितलं. आई त्यांना म्हणाली होती, "भावेश येतो बोलला कोर्टात. आता तोच सांगेल कोणाचं होतं ते. मला ठाव होतं, तो सांगेल." तू येतो म्हणालास, एवढ्यावरून तिने हे सगळं धरलं आहे. तिच्या हिशेबी तू दुसऱ्या कशासाठी येणारच नाहीस. आणि ती परवापासून भजनाला जाते आहे.

मी आत गेले तर ती मागच्या दारी होती. मांडवावर राजेळी वाळत घातली होती, तीन वर्षांनी. मला बघून म्हणाली, आलीस, जरा ती पानं निवडून दे. मी पानं निवडून दिली. सांगायचं ते तसंच घेऊन परतले.

म्हणून हे पत्र. शेवटची टीप आहे, नीट वाच. शुक्रवारी कोर्टात यशोदाबेन म्हणून पुकारा होईल तेव्हा आई उशिरा उठते, त्या तेवढ्या वेळात तू उभा राहा आणि माल माझा होता, पिशवीत मी भरला, असं सांग. तिला जे कळलं आहे तेच खरं कर. त्यापुढे तुझं काय व्हायचं ते होईल, वकीलबाई तुझ्यासाठीही उभ्या राहतील, मी विचारून ठेवलं आहे. तू उभा राहिला नाहीस तर मी राहीन. मी तिथे असेन, मागच्या बाकावर, गळ्याची शपथ मोडायची तयारी करून, आणि जितेशही असेल, त्याचा नोकरीचा विचार करून झाला आहे. मग आईची केस कदाचित सुटेल. पण मी उठले की ती मागे वळून तुझ्याकडे बघेल, आणि तू बसलेला असशील. तिला आत जाण्यापासून मी वाचवू शकेन, त्या बघण्यापासून नाही. तेवढं फक्त तुझ्या हातात आहे, आणि ते तुझ्या हातात आहे याची मला भीती वाटते. काल संध्याकाळी तिने जुड्या बांधायला घेतल्या. पोलीसबाईसाठी एक, भेटलीच तर म्हणून. वकीलबाईंना एक, बाकावरच्या माणसांना दोन. मग तिने सगळ्या चाचपून बघितल्या आणि सगळ्यात जड जुडी तुझ्यासाठी बाजूला ठेवली.

शुक्रवारपर्यंत तरी तुझीच,
हेमाली